उताऱ्यातून गळलेलं नाव

सदर : निवृत्त मास्तरांचा फळा



दरवर्षी दिवाळी अंकातल्या या फळ्यावर मी काहीतरी लिहितो आणि तुम्ही ते चकली खाता खाता वाचता. आतापर्यंत पाणी, पूल, धरणं असे विषय झाले, कारण आयुष्यभर तेच शिकवलं. या वेळी संपादकांनी वेगळीच मागणी केली. "मंडळाच्या वेबसाइटवरची सभासद यादी तुम्ही तयार केलीत. ती आतून कशी चालते ते सोप्या मराठीत लिहा. मुलांनाही वाचायला देऊ."

मी हो म्हटलं, पण त्याचं खरं कारण वेगळं आहे. त्या यादीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास आपल्यातल्याच एका बाईंना सोसावा लागला. त्यांची परवानगी घेऊन ती हकिकत सांगतो आहे. नाव अर्थातच देत नाही. मात्र चूक कळायला आधी थोडा वर्ग घ्यावा लागेल. मास्तरांची खोड आहे, सांभाळून घ्या.

एक्सेलची अडगळ

आपली सभासद यादी वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये होती. खरं तर 'होत्या' म्हणायला हवं. खजिनदारांची एक, गणपतीच्या जेवणाची एक, मराठी शाळेची एक, आणि चिटणीस बदलले की आधीच्या चिटणिसांच्या लॅपटॉपवर राहून गेलेली एक. फाइलींची नावं तर वाचण्यासारखी : 'यादी फायनल', 'यादी फायनल नवीन', 'यादी फायनल हीच वापरा'. एखाद्याने घर बदललं की चार ठिकाणी पत्ता बदलायचा, आणि तो बदलला जायचा दोन ठिकाणी. मग दिवाळी अंक जुन्या घरी जायचा आणि तिथला नवा मालक कंदिलाच्या चित्राकडे पाहत बसायचा.

रकाने पाहिले तर आणखी गंमत. 'पतीचं नाव', 'पत्नीचं नाव', 'मूल १', 'मूल २'. ज्यांना तीन मुलं त्यांचं तिसरं मूल 'शेरा' या रकान्यात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी कुठेच नाही. आणि एकटी राहणारी, नोकरी करणारी मुलगी सभासद झाली तर तिचं नाव 'पत्नी'च्या रकान्यात आणि पतीची जागा रिकामी. कुणाची पत्नी ते एक्सेललाच ठाऊक.

या दुखण्यावरचं औषध जुनं आहे, १९७० सालचं. तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि संगणक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्या वर्षी आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सार माझ्या भाषेत असं : माहिती साध्या तक्त्यांमध्ये लिहा, तीच गोष्ट दहा ठिकाणी लिहू नका, आणि एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी खुणेच्या आकड्याने जोडा. माहिती यंत्रात नेमकी कुठे आणि कशी साठवली आहे, याची काळजी प्रश्न विचारणाऱ्याला पडता कामा नये. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत बरंचसं जग याच कल्पनेवर चालतं. कॉडना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे १९७४ साली आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची एक भाषा मांडली. तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो.

आपल्या मंडळासाठी मी तीन तक्ते केले. 'कुटुंब' : पत्ता आणि फोन. 'व्यक्ती' : नाव, जन्मवर्ष आणि ती कोणत्या कुटुंबातली. 'वर्गणी' : कोणत्या कुटुंबाने कोणत्या वर्षासाठी किती आणि कधी भरले. आता मुलं दोन असोत की पाच, आजी सहा महिने असो की सहा वर्षं, प्रत्येक माणसाला 'व्यक्ती'मध्ये स्वतःची एक ओळ मिळते. पती-पत्नी हे रकाने गेले. हा सगळा डेटाबेस एसक्यूलाइट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली प्रसिद्ध केलं. त्यात आख्खा डेटाबेस एकाच फाइलीत मावतो, आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तेच काम करत असतं. १४० कुटुंबांच्या मंडळाला याहून मोठं काही लागत नाही.

सातबारा म्हणजे एक व्ह्यूच

आता आजचा मुख्य शब्द : व्ह्यू. गावाकडे जमीन असलेल्यांना, किंवा त्यावरून भावाभावांत वाद पाहिलेल्यांना, हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. त्यांनी सातबारा पाहिलेला असतो.

मुलांसाठी सांगतो. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी तलाठ्याकडे वेगवेगळ्या नमुन्यांत ठेवतात. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं. गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत कोणतं पीक घेतलं ते असतं. दोन नमुने वेगळे, पण आपल्या हाती येतो तो एकच कागद, दोन्ही जोडलेला. म्हणून तो सात-बारा. आणि त्याला आपण वही म्हणत नाही, 'उतारा' म्हणतो.

डेटाबेसमधला व्ह्यू म्हणजे हाच उतारा. त्याचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, उतारा स्वतः काही साठवत नाही. मागाल तेव्हा तो मूळ तक्त्यांवरून ताजा निघतो. पत्ता मूळ तक्त्यात एकदा बदलला की पुढचा प्रत्येक उतारा बरोबर येतो. दोन, उतारा सगळं दाखवत नाही, मागणाऱ्याला हवं तेवढंच दाखवतो. सर्वसाधारण सभासदाला नाव आणि गाव दिसतं, पण फोन नंबर ज्यांनी 'दाखवा' म्हटलं आहे त्यांचेच दिसतात. कोणी किती वर्गणी भरली ते फक्त खजिनदारांच्या उताऱ्यात दिसतं.

या दुसऱ्या गुणातच एक धोका आहे. उतारा पाहणारा माणूस असं धरून चालतो की जे नाव उताऱ्यात नाही ते वहीतही नाही. हे वाक्य लक्षात असू द्या.

पान उघडतं तेव्हा काय होतं?

एक घोळ आधीच निस्तरतो. वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींनी व्ह्यू हाच शब्द आणखी एका अर्थाने घेतला आहे. तुम्ही पान मागितलं की सर्व्हरवर जो छोटा प्रोग्राम जागा होऊन ते पान तयार करतो, त्यालाही व्ह्यू म्हणतात. डेटाबेसचा व्ह्यू म्हणजे उतारा, तर वेबचा व्ह्यू म्हणजे खिडकीवर बसलेला कारकून.

मी फ्लास्क वापरलं. पायथॉन भाषेतली ही एक लहानशी चौकट आहे. आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली एप्रिल फूलचा विनोद म्हणून जे काही केलं, त्यातून ती निघाली. विनोद राहिला बाजूला आणि जगभर लोक ती वापरू लागले. तिचं काम असं चालतं. तुम्ही 'सभासद' या पानावर टिचकी मारता. फ्लास्क पाहतं की या पत्त्यासाठी कोणता कारकून नेमला आहे. कारकून आधी विचारतो, तुम्ही कोण? सभासद की खजिनदार? मग तो डेटाबेसला प्रश्न पाठवतो आणि उत्तरादाखल ओळी येतात. त्या तो एका कोऱ्या छापील नमुन्यात भरतो. या नमुने भरणाऱ्या यंत्रणेचं नाव जिंजा. जपानी भाषेत जिंजा म्हणजे देवस्थान; टेंपल आणि टेंप्लेट या उच्चारांवरची ती कोटी आहे. भरलेला नमुना तुमच्या पडद्यावर येतो. एका पानासाठी लिहावा लागणारा मजकूर पंधरा-वीस ओळींचा असतो. आपल्याला हे जमणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगतो, मी हे सत्तरी ओलांडल्यावर शिकलो.

तीन लहान ठेचा

शिकताना ठेचा लागल्या, त्यातल्या तीन सांगतो. तुमच्यातलं कोणी हे काम करणार असेल तर उपयोगी पडतील.

पहिली. आपल्या एका सभासदांच्या मुलीने ओब्रायन आडनावाच्या मुलाशी लग्न केलं. त्या आडनावात इंग्रजी ओ या अक्षरानंतर वर एक टिंबासारखी खूण येते. कोणीतरी शोधाच्या चौकटीत ते नाव लिहिलं आणि पान कोसळलं. कारण मी लिहिणाऱ्याचा मजकूर जसाच्या तसा प्रश्नात चिकटवत होतो, आणि एसक्यूएलमध्ये तीच खूण 'नाव इथे संपलं' असं सांगते. या कामात मला मदत करणारी एक मुलगी आहे. आपल्याच मंडळात वाढलेली, आता कॉलेजात संगणकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजोबा, पान कोसळलं हे तुमचं लक आहे. कोणी मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं असतं ना, तर सगळ्यांचे फोन नंबर बाहेर गेले असते." उपाय सोपा निघाला. प्रश्नात नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह लिहायचं आणि नाव वेगळं, शेजारी द्यायचं. मग डेटाबेस त्याला नाव म्हणूनच वाचतो, हुकूम म्हणून वाचत नाही.

दुसरी. यादीच्या पानासाठी मी आधी १४० कुटुंबं मागवली, आणि मग प्रत्येक कुटुंबातली माणसं कोण हे एकेकदा विचारलं. एका पानासाठी १४१ प्रश्न. जिरं आणायला वाण्याकडे एक फेरी, मोहरी आणायला दुसरी, हळदीला तिसरी, असा प्रकार. एसक्यूलाइटचं दुकान घरातच असतं म्हणून ते खपून गेलं. डेटाबेस दूरच्या यंत्रावर असता तर पान उघडेपर्यंत चहा झाला असता. सगळी यादी घेऊन एकदाच जावं. तक्ते जोडून एकच प्रश्न विचारला की काम होतं.

तिसरी खास आपली. देवनागरीत यादी लावली तर काळे हे कावळ्यांच्या आधी आले. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे ठेवलं आहे, आणि संगणक त्याच आकड्यांनी क्रम लावतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. तो क्रम एसक्यूलाइटला पायथॉनमधून शिकवता येतो, आणि मी तो शिकवला. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मला बरं वाटलं.

बर्फ

आता कबुली.

आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मोठं वादळ आलं की मंडळातल्या सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना कोणीतरी फोन करायचा. वीज आहे ना, औषधं आहेत ना, दारातलं बर्फ कोणी काढलं का, एवढंच विचारायचं. पूर्वी चार-पाच जणी ते आठवणीने करत. कागद नव्हता, यादी नव्हती. मी मोठ्या हौसेने त्यासाठी वेबसाइटवर एक पान केलं, 'ज्येष्ठ सभासद'. नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात या वर्षाची वर्गणी भरली की नाही. तो शेवटचा रकाना का? खजिनदारांनी सहज म्हटलं होतं, "असू द्या की, एकाच ठिकाणी दिसेल." मीही ठेवला.

या जानेवारीच्या शेवटी वादळ आलं. रस्ते बंद, बऱ्याच भागांत वीज गेलेली. मी पान उघडलं. २६ नावं होती. सहा जणांत वाटून दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. मी कार्यकारिणीला लिहिलं, 'सर्व ज्येष्ठांशी बोलणं झालं, सर्व सुखरूप.' आणि शांत झोपलो.

फेब्रुवारीत हॉलवर तिळगुळाचा कार्यक्रम झाला. तिथे एक वहिनी भेटल्या. त्यांचे यजमान माझे चाळीस वर्षांचे मित्र, आधीच्या जुलैत गेले. वहिनींचं वय ७८. मी विचारलं, कशा आहात? त्या म्हणाल्या, "बरी आहे. भाऊजी, एक विचारू का? मंडळाने फोन करायचं बंद केलं का हो?"

त्यांच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. पहिल्या संध्याकाळी मोबाइल चालू होता. हे असताना दर वादळात फोन यायचा, म्हणून त्या फोन हातात घेऊन बसल्या. रात्री बॅटरी संपली. घर गार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची अमेरिकन बाई फावडं घेऊन दार मोकळं करायला आली आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. मुलगा दुसऱ्या टोकाच्या राज्यात. तो रात्रभर फोन लावत होता.

वहिनींनी तक्रार केली नाही. तिळगूळ माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "मला वाटलं, हे गेले, तसं मंडळातलं आमचं घरही मिटलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'सर्व ज्येष्ठांशी बोलणं झालं' हे वाक्य मीच लिहिलं होतं.

वहीत नाव, उताऱ्यात नाही

त्या रात्री मी मूळ तक्ते उघडले. 'व्यक्ती'मध्ये वहिनींचं नाव होतं, जन्मवर्ष बरोबर. 'कुटुंब'मध्ये फोन नंबर बरोबर. वही चोख होती. म्हणजे उतारा चुकला होता, आणि उतारा मी लिहिला होता.

वर्गणीचा तो रकाना दाखवण्यासाठी मी तिसरा तक्ता जोडला होता. तक्ते जोडण्याचा जो साधा प्रकार आहे, त्याला इनर जॉइन म्हणतात. त्याचा नियम असा : दोन्ही तक्त्यांत जुळणारी ओळ असेल तरच उताऱ्यात ओळ येते. एका बाजूला जोडीदार नसेल तर ती ओळ मुकाट्याने गळते. चूक झाली असं यंत्र सांगत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. तुम्ही विचारलं तेच त्याने दिलं.

आपल्याकडे वर्गणी गणपतीच्या कार्यक्रमात गोळा होते. दरवर्षी चेक लिहायचे माझे मित्र. ते जुलैत गेले, वहिनी गणपतीला आल्या नाहीत, त्यांना आठवण कोणी केली नाही. 'वर्गणी'च्या तक्त्यात त्या वर्षाची ओळ नाही, म्हणून ज्येष्ठांच्या पानावर त्या नाहीत. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर त्या वर्षी शेतात पीक घेतलं नाही म्हणून उताऱ्यावरून मालकाचंच नाव गेलं. तलाठ्याने असं केलं असतं तर गावाने त्याला चावडीवर उभं केलं असतं.

मग मोजलं. 'व्यक्ती'मध्ये सत्तरीच्या पुढचे हयात सभासद ३३. माझ्या पानावर २६. सात माणसं गळलेली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एकेकाला फोन केला. काही जण नुसते विसरले होते. पण एका घरी मोठं आजारपण होतं, एका घरी मुलाची नोकरी गेली होती, एक आजी गाडी चालवणं सुटल्यामुळे कुठेच येत नव्हत्या. विचार करा, वर्गणी कोण भरत नाही? बहुतेकदा ज्या घरात काहीतरी बिनसलं आहे ते. म्हणजे माझ्या पानाने ज्यांना फोन करायची सगळ्यात जास्त गरज होती तीच माणसं वेचून बाहेर ठेवली होती. धडधाकट, वेळेवर चेक देणाऱ्या २६ जणांना आम्ही विचारलं, "काही हवं का?"

दोन दुरुस्त्या आणि तिसरी

दुरुस्ती पुस्तकात होती. इनर जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन लिहायचं. म्हणजे डाव्या तक्त्यातली प्रत्येक ओळ राहते; उजवीकडे जोडीदार मिळाला तर भरतो, नाही मिळाला तर जागा रिकामी राहते. मी बदल केला, पान उघडलं. नावं २६च.

तासभर डोकं धरून बसलो. शेवटी त्या मुलीला फोन केला. तिने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही दार उघडलंत, पण पुढच्या दाराला कुलूप आहे." प्रश्नाच्या शेवटी माझी अट होती : जिथे वर्गणीचं वर्ष चालू वर्ष आहे. वहिनींच्या घराच्या मागच्या सगळ्या वर्षांच्या ओळी तक्त्यात होत्या, त्या जोडल्या गेल्या, आणि मग शेवटच्या अटीने त्या सगळ्या काढून टाकल्या, कारण त्यातली एकही चालू वर्षाची नव्हती. ज्या घराने कधीच वर्गणी भरली नव्हती त्याची जागा तर रिकामी, आणि रिकाम्या जागेची तुलना कशाशीच जुळत नाही, म्हणून तेही गेलं. लेफ्ट जॉइन लिहूनही परिणाम जुनाच. उपाय असा की वर्षाची अट शेवटी ठेवायची नाही, जोडण्याच्या अटीतच घालायची : 'या घराची, या वर्षाची वर्गणी असेल तर जोड.' जोडीदार शोधताना वर्ष पाहायचं, माणूस ठेवायचा की काढायचा हे ठरवताना नाही.

पान उघडलं. ३३ नावं. वहिनींचं नाव दिसलं, आणि वर्गणीच्या रकान्यात छापलं होतं 'नन'. पायथॉनमध्ये रिकाम्या जागेसाठी असलेला हा शब्द, म्हणजे 'काही नाही'. मी म्हटलं, तिथे 'थकबाकी' असं छापू या का?

तिकडून क्षणभर आवाज नाही. मग ती म्हणाली, "पण आजोबा, कोणी ठीक आहे का हे विचारायला वर्गणी कशाला लागते?"

आयुष्यभर शिकवलं, आणि हा प्रश्न विशीतल्या मुलीने विचारावा लागला. मी तो रकाना काढला. तिसरा तक्ता त्या उताऱ्यातून गेला, जोडणं गेलं, अटही गेली. प्रश्न दोन ओळींचा उरला. जे तक्ते लागतच नाहीत ते जोडलेच नाहीत, तर त्यांच्यामुळे कोणी गळणारही नाही. खजिनदारांना वर्गणीसाठी स्वतःचं वेगळं पान दिलं. एका पानाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. 'सहज असू द्या' म्हणून घातलेला रकाना कोणाला बाहेर ठेवेल ते सांगता येत नाही.

त्यानंतर आणखी दोन गोष्टी केल्या. ज्येष्ठांच्या पानाखाली आता दोन आकडे असतात : मूळ तक्त्यात किती आणि पानावर किती. ते जुळले नाहीत तर पान लाल होतं. चाचणीसाठी एक काल्पनिक आजीही आहे. तिने कधीच वर्गणी भरलेली नाही, आणि मी प्रोग्राममध्ये काहीही बदललं की ती यादीत आहे ना ते यंत्र आधी तपासतं. दुसरी गोष्ट म्हणजे कोणाच्या निधनाची नोंद झाली की त्यांची ओळ पुसत नाही, तारीख लिहितो. ती लिहिल्याबरोबर चिटणिसांच्या पानावर त्या घराचं नाव येतं आणि पुढे लिहिलेलं असतं, 'घरी जाऊन या.' कोणी जाऊन आल्याची खूण करेपर्यंत ते नाव तिथून हलत नाही.

मार्चमध्ये मी वहिनींकडे गेलो. चहा झाला. कागदावर तीन चौकोन काढून त्यांना इनर जॉइन समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी थकबाकीदार होते होय!" मग आतून चेकबुक आणलं. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, राहू दे. हे मला शिकायचंच आहे." घराच्या नोंदीत पहिलं नाव आता त्यांचं आहे आणि त्या वर्गणीच्या चेकवर सहीही त्यांचीच.

आता गृहपाठ

दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी एक टेबल असेल, त्यावर लॅपटॉप. तिथे आपल्या घराची नोंद पाहा. नुसतं नाव बरोबर आहे का एवढंच पाहू नका, कोण राहिलं आहे ते पाहा. शेजारच्या गावात राहणारी, हल्ली कार्यक्रमांना न येणारी कोणी आठवली तर तिचंही नाव शोधा. यादीत असलेली चूक यंत्र पकडू शकतं, पण जे यादीत नाहीच त्याची आठवण माणसालाच यावी लागते. पूर्वी त्या चार-पाच जणी कागदाशिवाय हे करत होत्या. त्यांना मी आता पुन्हा बोलावलं आहे. वादळ आलं की पान उघडल्यावर आधी त्यांना विचारतो, "यात कोण नाही?"

मुलांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इथपर्यंत आलात म्हणजे चिकाटी आहे. हे सगळं काम म्हणजे एक फाइल आणि काही शे ओळींचा पायथॉन आहे. मी ७४ वर्षांचा आहे. माझ्याबरोबर हे पान बंद पडायला नको. शनिवारी सकाळी मराठी शाळा सुटली की मी लायब्ररीच्या खोलीत बसतो. लॅपटॉप घेऊन या. पहिल्या दिवशी आपण फक्त एक तक्ता करू, आणि त्यात तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहू. भारतातल्या आजी-आजोबांचीसुद्धा.

दिवाळीच्या तुम्हा सर्वांना शुभेच्छा. आणि हो, आज फराळाच्या आधी एक फोन करा, ज्यांना बऱ्याच दिवसांत केला नसेल त्यांना.